पाइपातलं पाणी कुठं खवळतं, कुठं मुद्दाम खवळवतात

प्रक्षुब्ध प्रवाह, म्हणजे भोवरे घेत खवळून वाहणारं पाणी, शिकायचा तर सूत्राआधी शाई घ्या. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या अभियंत्यानं 1883मध्ये काचेच्या नळीत रंग सोडून दाखवलं, ते गवंड्याच्या लेव्हल ट्यूबमध्येही दिसतं. आतून 10 मिलिमीटरची, दोन मीटर पारदर्शक नळी आडवी, सरळ बांधा. बादलीतलं पाणी तासभर निवांत राहू द्या. मग इंजेक्शनच्या सुईनं नळीच्या तोंडाशी, मधोमध, हळू शाई सोडा. लिटरची बाटली दीड मिनिटात भरेल एवढाच कॉक उघडा; रेघ दोऱ्यासारखी सरळ जाते. तीच बाटली अर्ध्या मिनिटात भरली की रेघ फाटते, नळी निळी होते.

रेनॉल्ड्स अंक म्हणजे वेग गुणिले आतला व्यास, भागिले शुद्धगतिक श्यानता (पाण्याच्या चिकटपणाचं माप; 30 अंशांच्या पाण्याला 0.0000008 चौरस मीटर प्रति सेकंद). पहिल्या वेळी तो 1800च्या आसपास, दुसऱ्या वेळी 5000च्या वर. साधारण 2300 ते 4000मध्ये रेघ कधी टिकते, कधी तुटते. आधीच तुटली तर बहुधा नळी वाकलीय, बुडबुडा अडकलाय किंवा शाई जोरात सोडलीय.

आता वावर. सेकंदाला 5 लिटर पाणी नेणाऱ्या पाइपात हा अंक लाखाच्या घरात जातो. तिथं घर्षणगुणांकासाठी 64 भागिले रेनॉल्ड्स अंक हे स्तरीय, म्हणजे न खवळता थराथरानं सरकणाऱ्या, प्रवाहाचं सूत्र चालत नाही, तरी परीक्षेत हमखास तेच लिहिलं जातं. दुसरी चूक व्यासाची: पीव्हीसी पाइपावरचा आकडा बाहेरचा असतो. 75च्या पाइपाचा आतला व्यास 70 मिलिमीटर धरला तर 100 मीटरला सुमारे 2.1 मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) घर्षणात जातं; 63च्या पाइपात, आतून 58 धरून, 5.2. संत्र्याची बाग विहिरीपासून 300 मीटरवर असेल तर फरक नऊ मीटरचा. पाइपात पैसे वाचवून मोठी मोटर घेणं म्हणजे दर महिन्याला बिलातून तो पाइप विकत घेणं. पाणी दुप्पट करायला गेलात तर घर्षण सव्वातीनपटीच्या वर जातं.

ठिबकात मात्र हीच खळबळ कामाची. ड्रीपरमधली नागमोडी वाट पाणी मुद्दाम घुसळते. दाब 20 टक्के वाढला तर असा ड्रीपर जेमतेम 10 टक्के जास्त पाणी देतो. लांब, बारीक मायक्रोट्यूब, प्रवाह स्तरीय असल्यानं, जवळपास 20. शिवाय काळी नळी उन्हात तापते. पाणी 25वरून 45 अंशांवर गेलं की श्यानता तिसऱ्या हिश्शानं उतरते आणि त्याच दाबाला मायक्रोट्यूब दीडपट वाहते. मे महिन्यात सकाळी सहाला आणि दुपारी दोनला, दाब तोच ठेवून, दोन्हींखाली माप लावून बघा.