पेढीच्या भाऊबंदकीवर मालिका लिहिताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी एका मालिकेची जाहिरात पाहिली आणि मी दिवस मोजायला लागले. १९५१ सालचं पुणं, सोन्या मारुतीजवळची सराफी पेढी, तीन भाऊ, एक विधवा वहिनी. माझं बालपण दुकानाच्या गादीवर गेलंय, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा. पहिल्याच भागात आजोबा, म्हणजे या भावांचे वडील, गेले, वकिलाने मृत्युपत्र वाचलं, तीन पिढ्यांची पेढी एकट्या धाकट्याला मिळाली आणि थोरला ओरडला, "फिफ्टी पर्सेंट माझे आहेत!" तिथेच मन उतरलं. वाडा सुंदर उभारला होता, समया लखलखीत होत्या, पण भांडणाला बूडच नव्हतं. असं पुन्हा कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहितेय.

मृत्युपत्राने सुरुवात

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती परदेशी मालिका पाहून आलेली आहे. तिकडे मृत्युपत्र शोभतं. डब्लिनचे बेंजामिन ली गिनेस १८६८ साली वारले, त्यांनी मद्याचा कारखाना आर्थर आणि एडवर्ड या दोन मुलांच्या गळ्यात एकत्र बांधला आणि १८७६मध्ये आर्थर भागीतून बाहेर पडला. बापाला आपली मालमत्ता हवी त्याला देता येत होती, म्हणून त्या कागदात नाट्य होतं.

आपल्याकडे १९५१ साली मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या शाखेने चालणाऱ्या एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित पेढीवर मुलाचा हक्क जन्मताच लागायचा. ती आजोबांना मृत्युपत्राने कुणाला देताच येत नव्हती. अगदी स्वतःचा अविभक्त हिस्साही नाही, ती मुभा १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आली. म्हणजे त्या वकिलाच्या हातातला कागद रद्दी होता आणि त्यावर शंभर भाग उभे केले होते.

दुरुस्ती सोपी आहे आणि कथेला जास्त पोसणारी आहे. आजोबांना स्वकष्टार्जित मालमत्तेचं मृत्युपत्र करता येत होतं. मग सगळं भांडण एका प्रश्नावर आणा: पेढी वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? पणजोबांनी नुसता तराजू ठेवला होता की भांडवलही? धाकटा म्हणेल, बाबांनी कर्ज काढून नव्याने सुरू केली. थोरला जुनी वही शोधत माळ्यावर चढेल. ती वही मोडीत असेल, आणि घरात मोडी वाचता येणारे फक्त म्हातारे दिवाणजी उरलेले असतील. आता दिवाणजी काय वाचून दाखवतात, यावर तीन संसार लटकलेत. इथे कुणाला विष घालायची गरज पडत नाही.

विषावरून आठवलं, मधल्या, विधवा वहिनीचं त्यांनी वाटोळं केलं. दुधात काहीतरी मिसळणारी बाई करून टाकली. वास्तविक हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काच्या १९३७च्या कायद्याने तिला एकत्र कुटुंबातला नवऱ्याचा हिस्सा मिळत होता. मर्यादित हक्काने का होईना, पण वाटणी मागण्याचा अधिकार तिला होता. दुसरीकडे, मुंबई इलाख्यात बाप आपल्या भावांशी एकत्र असेतो त्याच्या संमतीशिवाय मुलाला वाटणी मागता येत नसे. म्हणजे थोरल्याचा तडफदार मुलगा हात चोळत बसणार आणि पदर डोक्यावर घेतलेली काकू वाटणीच्या एका दाव्याने पेढी थांबवू शकणार! हे घरात ज्या दिवशी कळतं, तो भाग मला बघायचा होता.

चूल दाखवायची, पण नुसती फोडणी घालायला

स्वयंपाकघरात बायका एकमेकींना टोमणे मारतात, तेवढंच दिसतं. पण अन्न, देवपूजा आणि मालमत्ता या तीन गोष्टींत कुटुंब एकत्र आहे का, हे कोर्टात बघितलं जायचं. चूल वेगळी झाली म्हणून वाटणी झालीच असं नाही, पण तो पुरावा म्हणून पुढे यायचा. त्यामुळे धाकट्या सुनेने एका पावसाळ्यात मुलाच्या पथ्यासाठी वेगळी शेगडी पेटवली, तर ती साधी शेगडी राहत नाही. चार वर्षांनी वकील विचारणार, "तुमचा स्वयंपाक कधीपासून वेगळा?" आणि तिला कळणारही नाही की "श्रावणापासून" या एका शब्दाने तिने काय सांगून टाकलं. गौरी-गणपती कुणाच्या खोलीत बसले, नैवेद्य एका ताटात होता की दोन, हेही असंच. घरातली बारीकसारीक गोष्ट पुढे साक्षीत येते, हे लेखकाने ध्यानात ठेवलं तर घरगुती प्रसंग रटाळ होत नाहीत.

पैसा आणि वजन

१९५१ साली थोरला हजाराच्या नोटांची बॅग आपटतो. पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा जानेवारी १९४६मध्ये बाद झाल्या होत्या, हजाराची पुन्हा आली ती १९५४मध्ये. मधल्या काळात शंभराच्या वर नोट नाही. हिशेब रुपये-आणे-पैचा, सोळा आण्यांचा रुपया; नवे पैसे १ एप्रिल १९५७पासून. सोनं तोळा, मासा, गुंजेत: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. कारागिराने दोन गुंजा कमी दिल्या, एवढ्यावरून एक प्रसंग उभा राहतो.

आमच्या घरी माझ्या आजोबांची १९४८ सालची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आहे. लाल कापडी बांधणी, वर "श्री", डावीकडे जमा, उजवीकडे नावे, रोज संध्याकाळी शिल्लक. दिव्याखाली आजोबा एका पैसाठी तासभर बसत आणि शिल्लक जुळेपर्यंत कुणी जेवायला हाक मारत नसे. मालिकेत तीन भावांपैकी एकानेही कधी वही उघडली नाही.

बोलणं

"डील", "प्रॉफिट शेअरिंग" काढून टाका. पत, उधारी, भागी, उलाढाल, हुंडी, कीर्द, खतावणी हे शब्द प्रेक्षकाला समजतात. धाकटा भाऊ थोरल्याला "तू मला फसवलंस" म्हणणार नाही. तो मान खाली घालून म्हणेल, "दादा, दिवाळीपासून खतावणी मला दाखवली नाही तुम्ही." दादा म्हणतील, "मागितलीस कधी?" आणि चष्मा पुसतील. एवढं पुरे.

मध्यावर कथा अडकली तर

चाळिसाव्या भागानंतर बहुतेक मालिका अपहरण, स्मृतिभ्रंश, जुळी बहीण यांकडे वळतात. त्याचं कारण, धंद्याला स्वतःचं संकट दिलेलंच नसतं. पुण्यातल्या सराफाला काळाने दोन संकटं आयती दिली आहेत.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांतली घरं गेली. गहाणाची पावती वाहून गेलेली बाई पेढीच्या पायरीवर उभी आहे, चार पाटल्या परत मागतेय. थोरला म्हणतो, वहीत नाव आहे, द्या. धाकटा म्हणतो, पावतीशिवाय दिलं तर उद्या रांग लागेल, आणि निम्म्या वस्तूंवर खोटे दावे येतील. दोघंही बरोबर आहेत. मला तर हाच प्रसंग सगळ्या मालिकेचा कणा वाटतो, कारण इथे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले नाहीत, पेढीची अब्रू कशात आहे यावर त्यांचं पटत नाही.

दुसरं, जानेवारी १९६३चं सुवर्णनियंत्रण. चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी. हजारो सोनारांची रोजीरोटी गेली. पेढीवरच्या पिढीजात कारागिरांना पगार द्यायचा की घरी पाठवायचं, चोरून बावीस कॅरेटचं काम घ्यायचं की नाही, या प्रश्नांवर एकेक भाऊ उघडा पडत जाईल.

शेवट

मिठी आणि सामूहिक आरती नको. वाटणी होऊ द्या, आणि ती कॅमेऱ्यासमोर, वस्तू मोजत होऊ द्या: तिजोरी, गादी, गुंजांची डबी, येणी-देणी. पाटीवरचं आडनाव वाटता येत नाही, म्हणून ते दोघांकडेही जाईल. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला दिवाणजी बाजारातून नव्या वह्या आणतात. दरवर्षीच्या सवयीने एकच जोड घेतात, बोळाच्या तोंडाशी येऊन थांबतात आणि दुसरा जोड घ्यायला परत वळतात.