दुसऱ्याची पावती उघडत होती, ती अशी थांबवली

जँगोमध्ये (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) सोसायटीच्या देखभाल पावत्यांचं ॲप लिहिलं होतं. पावती दाखवायला डीटेलव्ह्यू (एक नोंद दाखवणारा जँगोचा तयार क्लास), यूआरएलमध्ये पीके, म्हणजे नोंदीचा डेटाबेसमधला क्रमांक. तपासताना ४१ पुसून ४२ टाकला आणि शेजाऱ्यांची पावती नाव-रकमेसकट समोर! पोटात गोळाच आला. लॉगिनची सक्ती होती, पण पावती कोणाची, हे कोडमध्ये कुठेच तपासलं जात नव्हतं.

आधी गेट_ऑब्जेक्ट (नोंद आणून देणारी मेथड) ओव्हरराइड करून, म्हणजे स्वतःची लिहून, त्यात इफ घालणार होतो. मग जँगोचा कोड उघडून वाचला. गेट_ऑब्जेक्ट स्वतःच गेट_क्वेरीसेटला (ज्या नोंदींत शोधायचं तो संच, म्हणजे क्वेरीसेट, देणारी मेथड) बोलावतो आणि त्यातूनच नोंद शोधतो. म्हणजे चाळणी तिथेच लावायची. सुपरकडून (मूळ क्लासकडून) आलेल्या क्वेरीसेटवर फिल्टर लावला: मालक म्हणजे सेल्फ.रिक्वेस्ट.यूजर. आता परक्या पावतीला सरळ ४०४ (‘सापडलं नाही’) येतो. ४०३ (‘परवानगी नाही’) पेक्षा मला हेच बरं वाटतं, कारण तशी पावती आहे की नाही हेसुद्धा बाहेर कळत नाही.

पुढे यूआरएलमध्ये पीकेऐवजी पावती क्रमांक हवा होता, त्यासाठी स्लग_फील्ड (कोणत्या फील्डवर शोधायचं) आणि स्लग_यूआरएल_क्वार्ग (यूआरएलमधलं त्याचं नाव) भरले.

अपडेटव्ह्यू, डिलीटव्ह्यूसाठी तोच फिल्टर मिक्सिनमध्ये (इतर क्लासांना जोडायचा छोटा क्लास) काढला. क्लासच्या कंसात मिक्सिन डावीकडे, व्ह्यूच्या आधी लिहा. मी उलट लिहिला होता. एरर काहीच नाही, आणि ४२ पुन्हा उघडली.