वजनकाट्यावरून पोस्टग्रेसपर्यंत: सर्व्हरला क्लायंट जोडताना मी काय शिकलो

नोकरीला लागून दीड महिना झाला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आमचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. ऑफिसच्या इमारतीत उबंटूचा (लिनक्सचा) सर्व्हर, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि गेटजवळच्या दोन काट्यांवर त्याला जोडायचे विंडोजचे कॉम्प्युटर, म्हणजे क्लायंट. गळीत हंगाम चार दिवसांवर आला होता. सर्व्हरसमोर बसून मी डेटाबेस तयार केला, टेबलं केली, क्वेरी चालवून पाहिल्या. सगळं सुरळीत. काट्यावर जाऊन ॲप उघडलं, तर समोर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

पुढचे पाच तास मी सुचेल ते करत होतो. पासवर्ड तीनदा बदलला, फायरवॉल बंद केली, ॲप काढून पुन्हा टाकलं, नेटवर सापडलेल्या ओळी कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवल्या. संध्याकाळी सिनियरना फोन केला. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. ते म्हणाले, “मेसेज शब्दन् शब्द वाचून दाखव.” मी वाचला. “मग पासवर्डला हात कशाला लावलास? पासवर्ड विचारणाऱ्यापर्यंत तू अजून पोचलाच नाहीस.”

या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. क्लायंटपासून डेटाबेसपर्यंत एकामागे एक दारं असतात, आणि आपण कुठल्या दारात अडलोय ते मेसेजच सांगतो. ‘टाइम्ड आउट’ आलं तर बहुतेक वेळा आपली हाक सर्व्हरपर्यंत जातच नाही: आयपी चुकलाय, किंवा फायरवॉल मधल्यामध्ये ती गिळते. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे साधारणपणे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या खिडकीवर, ऐकणारं कुणी नाही. ‘नो पीजी-एचबीए एंट्री’ आलं तर पोस्टग्रेसने तुमचं ऐकलंय, पण कुणाला आत घ्यायचं त्याच्या यादीत (पीजी-एचबीए या फाइलमध्ये) तुम्ही नाही. ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणजे यादीत आहात, ओळख पटली नाही. टेबलासाठी ‘परमिशन डिनाइड’ आलं तर तुम्ही आत आहात, आता फक्त ग्रँट, म्हणजे टेबल वापरायचे हक्क, द्यायचे राहिलेत. मेसेज बदलला की आपण पुढे सरकलो. नवख्या माणसाला नवा एरर दिसला की आणखी काहीतरी बिघडलं असं वाटतं, म्हणून हे आधी सांगितलं.

माझ्या बाबतीत झालं होतं ते असं. पोस्टग्रेस नवीन बसवल्यावर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलं, ऐकतं. ‘लिसन ॲड्रेसेस’ या सेटिंगची मूळ व्हॅल्यूच तशी आहे, आणि पोर्ट ५४३२. सर्व्हरवर ‘एसएस’ कमांड चालवली की उघडे पोर्ट दिसतात. तिथे १२७.०.०.१:५४३२ (लोकलहोस्टचा पत्ता आणि पोर्ट) एवढंच दिसलं, तर बाहेरच्या कुणालाही उत्तर मिळणार नाही. गंमत म्हणजे, ही सेटिंग मी दुपारीच बदलली होती, पण नंतर फक्त रीलोड केलं होतं, म्हणजे सर्व्हिस न थांबवता फाइल पुन्हा वाचायला लावली होती. लिसन ॲड्रेसेस आणि पोर्ट बदलले की सर्व्हिस रीस्टार्टच करावी लागते. याउलट पीजी-एचबीए फाइलला रीलोड पुरतो. दादांनी फोनवरच रीस्टार्ट करायला लावलं, आणि काट्यावर नवा मेसेज आला: ‘नो पीजी-एचबीए एंट्री’. मला आनंदच झाला.

सर्व्हरवर चालतं, म्हणजे नेटवर्कवरही चालेल, ही माझी समजूतही तेव्हाच गेली. उबंटूवर तुम्ही सर्व्हरसमोर बसून पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा कमांड-लाइन प्रोग्रॅम) नुसतं उघडता, तेव्हा ते युनिक्स सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्क न वापरता मशीनच्या आतूनच, जातं आणि लिनक्सच्या युजरवरून ओळख पटवतं. त्यात ना पोर्ट येतो ना पासवर्ड. खरी परीक्षा घ्यायची तर ज्या मशीनवर ॲप चालणार आहे, तिथूनच घ्या.

आता पीजी-एचबीए फाइल. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक ओळ पाच गोष्टी सांगते: कनेक्शनचा प्रकार, डेटाबेस, युजर, कुठल्या पत्त्यावरून, आणि ओळख कशी पटवायची. पोस्टग्रेस वरून खाली वाचतं आणि जुळणारी पहिली ओळ सापडली की तिथेच थांबतं. त्या ओळीनुसार प्रवेश नाकारला गेला, तरी खालची ओळ बघत नाही. तो नवा मेसेज घालवायला मी नेटवरची एक ओळ सगळ्यात वर चिकटवली होती: सगळे डेटाबेस, सगळे युजर, ०.०.०.०/० (म्हणजे कुठलाही पत्ता), आणि पद्धत ‘ट्रस्ट’, म्हणजे पासवर्ड न विचारता आत घेणं. खाली मी नीट ओळ लिहिली: फक्त आमचा डेटाबेस, फक्त ॲपचा युजर, १९२.१६८.१०.०/२४ (आमच्या नेटवर्कचे पत्ते), पद्धत ‘स्क्रॅम-शा-२५६’, म्हणजे पासवर्ड तपासणारी. काटे जोडले गेले, मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी दादांनी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून पाहिलं, आणि कनेक्शन मिळालं! वरच्या ट्रस्टने खालच्या ओळीपर्यंत कधी जाऊच दिलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या उसाचं वजन ज्या टेबलात जाणार होतं, ते कारखान्याच्या नेटवर्कवरच्या कुणालाही पासवर्डशिवाय बदलता आलं असतं. तेव्हापासून बरोबर पासवर्डने जोडून झालं की मी चुकीच्या पासवर्डनेही जोडून बघतो. तो नाकारला गेल्याशिवाय काम झालं असं म्हणत नाही. फायरवॉलही त्याच दिवशी पुन्हा सुरू केली, फक्त काट्यांच्या आयपींना ५४३२ उघडून.

ट्रस्टची ओळ काढल्यावर दुसरा काटा अडला. तिथल्या ॲपमध्ये जुना जावा ड्रायव्हर (ॲपला डेटाबेसशी जोडणारा भाग) होता. तिथे ‘ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड’ आलं. स्क्रॅम पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली आवृत्ती १० सोबत आलं आणि आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड आपोआप त्याच पद्धतीने साठवले जातात. त्याआधीच्या ड्रायव्हरना ते कळत नाही. यावर उपाय म्हणून सर्व्हर एमडी५ या जुन्या पद्धतीवर आणा, असा सल्ला तुम्हाला सर्रास मिळेल. तो ऐकू नका, ड्रायव्हर बदला. आम्ही बदलला, दहा मिनिटांत काम झालं.

हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री वीज गेली आणि परत आली. काट्यावर पुन्हा ‘रिफ्यूज्ड’. या वेळी मी आधी एसएस चालवलं. परत फक्त १२७.०.०.१. लिसन ॲड्रेसेसमध्ये मी लोकलहोस्टच्या जोडीला सर्व्हरचा आयपी लिहिला होता, आणि मशीन चालू होताना तो पत्ता मिळायच्या आधीच पोस्टग्रेस उठलं होतं. अशा वेळी ते लॉगमध्ये इशारा लिहितं आणि मिळालेल्या पत्त्यावर चालू होतं, बंद पडत नाही. म्हणून सर्व्हिस ‘ॲक्टिव्ह’ दिसत होती. लॉगमध्ये ‘कुड नॉट बाइंड’ सापडलं. सर्व्हरला स्थिर आयपी दिला, लिसन ॲड्रेसेसमध्ये तारांकन (म्हणजे सगळे पत्ते) टाकलं, कारण कुणाला आत घ्यायचं हे आता फायरवॉल आणि एचबीए ठरवत होते. मग मशीन दोनदा मुद्दाम रीबूट केलं आणि दोन्ही वेळा गेटपर्यंत चालत जाऊन काट्यावरून जोडून पाहिलं. पहाटे पाचला पहिली बैलगाडी काट्यावर चढली आणि पावती छापून बाहेर आली.