पोर्टा केबिन घेताय आणि दिवाळीला त्यावर कंदील पण लावताय? मग या चुका टाळा, आम्ही सगळ्या करून बसलोय

वसुबारसेची संध्याकाळ. भाच्याने मोठ्या हौसेने घोटीव कागदाचा कंदील केलेला, तो आमच्या ठिबकच्या दुकानावर लावला. दुकान म्हणजे सांगलीबाहेर रोडला ठेवलेलं २० बाय १० फुटांचं पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणारी पत्र्याची तयार खोली. आक्का पूजेचं ताट घेऊन आली, दाराच्या कडीला हात लावला आणि म्हणाली, "आरं, दाराला मुंग्या यायल्यात." आम्ही हसलो. मग वायरमन मामाला बोलावलं, त्यांनी दाराच्या चौकटीला टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. पुढं कुणी हसलं नाही.

झालं काय होतं, तर भाच्याने कंदिलाची वायर सरकत्या खिडकीच्या फटीतून बाहेर काढून वरून खिडकी दाबून बंद केलेली. पत्र्याच्या धारेने वायरचं आवरण कापलं आणि आतली तार चौकटीला टेकली. केबिन म्हणजे शेवटी लोखंडी डबा, एका जागी करंट लागला की दार, कडी, पायरी सगळीकडे येतो. आणि आम्ही अर्थिंग केलेलंच नव्हतं! केबिनवाल्याने आत वायरिंग, दोन ट्यूब, पंखा असं सगळं दिलेलं, आम्हाला वाटलं अर्थिंग पण त्यातच आलं. ते येत नाही, अर्थिंगचा खड्डा जागेवर आपल्यालाच मारावा लागतो आणि फ्रेमला जाड पट्टीने किंवा वायरने जोडावा लागतो. एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा स्विच) आहे ना मग काय होतंय असं म्हणू नका, एवढ्याशा गळतीला एमसीबी पडत नाही, त्याला ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) लागते आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. वायर बाहेर न्यायची तर भोक पाडून त्यात रबरी बुश किंवा प्लास्टिकची नळी घाला, आणि भोकात शिरायच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता तिथंच ठिबकतं.

कंदिलाच्या बाकीच्या चुका तशा किरकोळ, पण वैताग आणणाऱ्या. केबिनचं दार बाहेर उघडतं हे डोक्यात ठेवा, आमचा पहिला कंदील तासाभरात दाराच्या वरच्या कोपऱ्याने फाटला. घराला वळचण असते तशी केबिनला नसते, त्यामुळं कंदील भिंतीला घासत राहतो आणि वर दहिवर थेट कागदावर पडतं, पिठाची खळ सुटते, सकाळी पाकळ्या खाली. बांबू नाहीतर पाईप दीडेक फूट पुढं काढून त्याला टांगा आणि खालून पण एक दोरा बांधा म्हणजे वाऱ्याने गिरक्या घेत नाही. बल्ब ५ वॅटचा एलईडीच. जुना १०० चा पिवळा बल्ब कागदात घालणारे अजून आहेत, त्यांना काय बोलायचं.

आणि छताला स्क्रू मारून हूक लावू नका हो! आम्ही मारला. दिवाळी मस्त गेली, जूनमध्ये त्याच भोकातून पाणी आत, आतल्या सिलिंगला पोट आलं. पीयूएफ पॅनेलचा (दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेला तक्ता असतो त्याचा) वरचा पत्रा इतका पातळ असतो की त्यात स्क्रू नीट धरत पण नाही. केबिन उचलायला वरच्या चार कोपऱ्यांना लोखंडी कड्या असतात, त्या दोन कड्यांमध्ये तार ताणा, कंदील काय आणि लाईटच्या माळा काय, सगळं त्यावर निघतं.

आता केबिन घेतानाच्या चुका, म्हणजे खरा पैसा इथं जातो. आमचं आधी कळस मग पाया झालं, रंग कुठला, काच कुठली यात आठ दिवस घालवले आणि जमीन बघितलीच नाही. आपल्याकडं कृष्णाकाठची काळी माती, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून केबिन टेकवलं की एक कोपरा खाली जातो, फ्रेम पिळते आणि दार अडकायला लागतं. आम्ही दोनदा दार रंधून घेतलं, बिजागऱ्या बदलल्या, मग एका गवंडी आप्पांनी पाण्याची लेव्हल नळी लावून दाखवलं की दार सरळच आहे, जमीन बसलीय. दार अडकलं तर आधी लेव्हल बघा. काळी माती काढून मुरूम भरून, दाबून, वर काँक्रीटचे पट्टे घालून मग केबिन ठेवा.

पॅनेल कसलं आहे ते कापलेल्या कडेला बघायचं. पांढरे दाणे दिसले तर थर्माकोल, पिवळसर घट्ट फेस असेल तर पीयूएफ. एप्रिल-मे मध्ये फरक कळतो आणि थर्माकोल आगीला पण वाईट. जाडी ५० मिलिमीटर तरी पाहिजे. ती दोन्हीकडून धरली की बाहेरून २० बाय १० असलेलं आतून लांबीला आणि रुंदीला चार-चार इंच कमी भरतं, त्यामुळं रॅक आतलं माप घेऊन करा. आमचा एक रॅक अजून घरी गोठ्यात आहे.

साताऱ्याकडं पाटण, महाबळेश्वर बाजूला ठेवणार असाल तर सपाट छतावर विसंबू नका, वरून फूट-दीड फूट अंतर सोडून उताराचं पत्र्याचं शेड घाला. पाऊस पण झेलतं आणि ऊन पण.

शेवटचं पुराचं. "पोर्टेबल आहे, पाणी आलं की उचलून नेऊ" असं मला विकणारा म्हणाला होता. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं. त्यावेळी हायड्रा (उचलायची क्रेन) कुठून मिळणार, आणि मिळाला तरी रस्त्यावर पाणी. परत २० बाय १० चा तळ म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटर, अर्धा फूट पाण्याने त्याला जवळजवळ पावणेतीन टनाची उचल मिळते, आणि रिकामं केबिन असतं दोन-अडीच टनाचं, म्हणजे आत पाणी शिरायच्या आधी ते तरंगून जाऊ पण शकतं. म्हणून चारी कोपरे काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बांधा, आणि तळाला प्लायवूड न घेता सिमेंट बोर्ड घ्या, प्लायवूड एकदा भिजलं की फुगतं आणि मागून वाळवी येतेच. जागा घेताना शेजारच्या जुन्या माणसाला विचारा २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठवर होतं, तो भिंतीवरची खूण दाखवतो.

आक्का अजून पण दाराला हात लावायच्या आधी एकदा उलट्या हाताने टेकवून बघते.