पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा : या चुका टाळा

काकाकुवा म्हटले की डोळ्यांसमोर एकच पांढराशुभ्र, तुरेवाला पक्षी उभा राहतो, आणि पुढच्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात तिथेच होते. ऑस्ट्रेलियात मोठमोठ्या थव्यांनी हिंडणारा मोठा काकाकुवा सुमारे ५० सेंटीमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या जातीला आज धोका नाही. इंडोनेशिया व पूर्व तिमोर येथील धाकटा, पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा मात्र जेमतेम ३५ सेंटीमीटर भरतो आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. पिंजऱ्यात एकट्या बसलेल्या पक्ष्याच्या लांबीचा अंदाज हमखास चुकतो. डोळ्याभोवतीच्या निळसर कड्यावरूनही निर्णय देऊ नये, कारण न्यू गिनीकडच्या मोठ्या काकाकुव्यालाही तसेच कडे असते. कानाजवळचा ठळक पिवळा डाग आणि आटोपशीर अंगकाठी या दोन्ही खुणा एकत्र पाहाव्यात. तुरा नारिंगी असेल तर तो सुंबा बेटावरचा पक्षी असण्याची शक्यता अधिक.

ही ओळख पटवणे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. या धाकट्या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार रोखण्यासाठी तिला २००४ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात घालण्याचा निर्णय झाला, तरी चोरटा व्यापार थांबला नाही. २०१५ मध्ये सुराबाया बंदरात प्लास्टिकच्या बाटल्यांत कोंबलेले काकाकुवे पोलिसांना सापडले होते. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी पक्ष्यांची पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. ‘पिंजऱ्यातच जन्मलेला आहे’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन म्हणजे कागद नव्हे.

आहारात सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे वाटीभर सूर्यफुलाच्या बिया. पक्षी त्या आवडीने खातो म्हणून मालक खूश असतो, पण चरबी वाढते, यकृत बिघडते आणि अ जीवनसत्त्वाची उणीव राहते. पालेभाज्या, गाजर, भोपळा आणि समतोल गोळीखाद्य यांकडे त्याला हळूहळू वळवावे. एका दिवसात बिया बंद केल्यास तो उपाशी बसतो. अॅव्होकॅडो आणि चॉकलेट कधीही देऊ नये. पिंजऱ्याच्या तारेवर जस्ताचा मुलामा असेल, तर ती चघळून विषबाधा होऊ शकते.

पिसे उपटणारा पक्षी दिसला की लोक अंगाला तेल किंवा मलम लावतात. हे करूच नये, कारण पिसे चिकटतात आणि मूळ कारण तसेच राहते. एकटेपणा, कुरतडायला लाकूड नसणे, अपुरी झोप ही कारणे नेहमीची खरी, पण पिसे वेडीवाकडी उगवत असतील किंवा चोच ठिसूळ झाली असेल, तर चोच आणि पिसांच्या विषाणूजन्य रोगाची तपासणी पशुवैद्याकडून करून घ्यावी आणि निकाल येईपर्यंत इतर पोपटांपासून त्याला वेगळे ठेवावे.

जोडी लावताना घाई जिवावर बेतते. पिंजऱ्यातला काकाकुव्याचा नर मादीवर अचानक हल्ला करतो, कधीकधी तिला ठारही मारतो. पूर्ण वाढलेल्या नराचे बुबुळ जवळजवळ काळे व मादीचे तांबूस तपकिरी असते. तरीही शंका असल्यास डीएनए तपासणी करावी. दोघांना आधी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवावे आणि घरट्याच्या पेटीला दोन दारे ठेवावीत, म्हणजे मादीला निसटता येते. वेगवेगळ्या बेटांवरच्या उपजातींची सरमिसळ करू नये. तशी पिल्ले गोजिरवाणी दिसली तरी संवर्धनाच्या कामातून ती बाद होतात.

पिंजऱ्यात पक्षी पुष्कळ आहेत, मग जात वाचलीच, हा समज येथेच कोसळतो. कंटाळून किंवा दयेपोटी पक्षी सोडून देणे ही त्याचीच दुसरी बाजू. हाँगकाँगमध्ये पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांपासून सुमारे २०० काकाकुव्यांची वस्ती तयार झाली आहे, आणि जगात मोकळे राहिलेले प्रौढ पक्षी १,२०० ते २,००० इतकेच मानले जात असल्याने ती नगण्य नाही; पण त्यांना उचलून सुंबा किंवा कोमोडोवर नेणे म्हणजे मिश्र रक्त आणि रोग बेटांवर नेण्याचा धोका पत्करणे होय. तिथे खरी अडचण ढोल्यांची आहे. सुंबामध्ये हा पक्षी टेट्रामेलेससारख्या प्रचंड झाडांच्या ढोलीत अंडी घालतो. हेच झाड आपल्या सह्याद्रीतही वाढते आणि तिथे त्याच्या ढोलीत धनेश घरटे करतो. असे झाड एकदा तोडले की त्या जाडीचे दुसरे उभे राहायला अनेक दशके लागतात.