मालवणला स्कूबा डायव्हिंग: तिथी पाहण्यापासून परतीच्या घाटापर्यंत

मालवणची स्कूबा सहल बहुतेक घरांत सुट्टी बघून ठरते. नाताळ, जोडून आलेला शनिवार-रविवार, नाहीतर शाळा सुटल्यावरचा मे महिना. मग पाण्याखाली गेल्यावर हिरवट गढूळपणापलीकडे काही दिसत नाही आणि ‘तिथं बघण्यासारखं काही नाही’ असं सांगत लोक परततात. हा या समुद्रावर अन्याय आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. त्यांच्या आधाराने पोपट मासे, गोब्रे, तांबोशी आणि शेवंडं (लॉबस्टर) राहतात. म्हणूनच १९८७ साली इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हे सगळं पाहायचं असेल तर तारीख समुद्राकडे बघून ठरवा आणि रजा नंतर टाका.

महिना, तिथी, वेळ

मे अखेरपासून पावसाळा संपेपर्यंत डायव्हिंग बंद असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होड्या सुरू झाल्या तरी नद्यांनी आणलेला गाळ पाण्यात असतो. माझं मत विचाराल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ धरावा, त्यातूनही नाताळ ते नववर्ष हा आठवडा वगळावा. त्या दिवसांत होड्यांची रांग लागते आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाण्याखालची मोजकी मिनिटं येतात.

महिना ठरला की कालनिर्णय उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, ओढ वाढते आणि तळाची रेती ढवळून निघते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी त्या मानाने शांत राहतं. म्हणून शुद्ध असो वा वद्य, अष्टमी ते एकादशी हे दिवस निवडा.

त्यातही दशमी-एकादशी अधिक सोयीची, आणि त्याचं कारण किनाऱ्यावरच्या जुन्या हिशेबात आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. दशमीला सकाळी साडेसात, एकादशीला सव्वाआठ. मालवणच्या बाजूला ती थोडी मागेपुढे होते, त्यामुळे नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पडताळून घ्या. भरती बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे आणते, तर ओहोटी खाडीतला गाळ समुद्रात सोडते. कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागला, हा फरक डोळ्यांनी दिसतो.

होडी पहिलीच घ्या. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो तोवर समुद्र सपाट असतो. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि होडीतच मळमळायला लागतं.

नुसता अनुभव की शिक्षण?

पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाच्या हातात हात देऊन एक डाइव्ह करता येते. त्याला वय किमान १० वर्षं लागतं आणि खोली १२ मीटरच्या आतच ठेवतात. किल्ल्याजवळच्या बहुतेक डाइव्ह त्याहूनही उथळ असतात.

स्वतः डायव्हर व्हायचं असेल तर ओपन वॉटर कोर्स करा. त्याला साधारण तीन-चार दिवस लागतात, २०० मीटर पोहता आणि १० मिनिटं तरंगता यावं लागतं, आणि पुढे १८ मीटरपर्यंत उतरायची पात्रता मिळते. तारकर्लीला एमटीडीसीची (राज्याच्या पर्यटन महामंडळाची) स्कूबा संस्था आहे, तिथे आधी पोहण्याच्या तलावात सराव करून घेतात. हातात चार दिवस असतील तर मी निःशंकपणे कोर्सच सुचवेन. श्वास शांत झाल्याशिवाय मासे नीट बघता येत नाहीत, आणि तो सरावानेच शांत होतो.

विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे. समुद्रात बुडालेलं हे पठार प्रवाळांनी समृद्ध आहे, पण त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. नवशिक्याने त्याचा बेत आखू नये.

आधी डॉक्टर, मग आगाऊ रक्कम

दमा, फिट्स, हृदयविकार किंवा कानाचं ऑपरेशन यांतलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नका. गर्भवतीने डाइव्ह करूच नये. साधी सर्दी असली तरी थांबा, कारण नाक चोंदलेलं असेल तर कानातला दाब सुटत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते. केंद्रावर आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. तिथे ‘नाही, नाही’ अशा खुणा करत सुटू नका. आदल्या रात्री दारू नको. सकाळी दोन घावणे पुरेत, वडे-सागुती दुपारी.

होडी ठरवताना

फोनवर भाव विचारण्याआधी हे विचारा: प्रशिक्षकाकडे कोणतं प्रमाणपत्र आहे? पाण्यात प्रत्येक माणसामागे एक प्रशिक्षक असतो का? सिलिंडर पाठीवर असतो, की होडीत ठेवून नळीने हवा देतात? होडीवर ऑक्सिजनची सोय आहे का, आणि काही झालंच तर कुठल्या इस्पितळात नेता? होडीचा परवाना आणि लाइफ जॅकेट प्रत्यक्ष गेल्यावर बघून घ्या. उत्तरं देताना जो वैतागतो त्याच्याकडे जाऊ नका. दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

पाण्यात

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट असतो. तिथे घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि श्वास कोंडलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते. दुसरी, उतरताना कान दुखायची वाट न बघता नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, नाकाकडे हलकेच हवा ढकलायची. तरी दुखलं तर प्रशिक्षकाला खूण करून थोडं वर यायचं.

प्रवाळावर पाय ठेवू नका आणि धरायलाही जाऊ नका. तो दगडासारखा दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि तो अतिशय सावकाश वाढतो. फोटोसाठी माशांना पाव-बिस्किट टाकणं सुरू झालं तर स्पष्ट नको म्हणा. पर्यटकांनी हट्ट सोडला तर होडीवालेही सोडतील. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून घरी नेऊ नका, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

परतीचा दिवस

याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन शरीरात मुरतो आणि हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच उंचीवर गेलात तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यामुळे एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा कोर्सनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. साधारण ६०० मीटरहून उंच घाटालाही हाच नियम लावावा. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. म्हणजे सकाळी डाइव्ह, दुपारी जेवण आणि संध्याकाळी आंबोलीमार्गे बेळगाव हा बेत बरोबर नाही.

कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडच्या मंडळींनी डाइव्ह मुक्कामाच्या पहिल्या किंवा मधल्या दिवशी ठेवावी आणि शेवटचा दिवस किल्ला, बाजार, समुद्रकिनारा यांना द्यावा. मुंबईकरांना कोकण रेल्वे सोयीची, ती किनारपट्टीनेच जाते. कुडाळ किंवा कणकवलीला गाडी पकडा. चिपी (सिंधुदुर्ग) किंवा मोपा (गोवा) विमानतळावरून विमान असेल तर डाइव्ह संपल्याची वेळ लिहून ठेवा आणि तिथून तास मोजूनच तिकीट काढा.