तासगावच्या बागा उपग्रहातून ओळखायच्या तर आधी छाटणी कधी झाली ते विचारा

माझ्या पहिल्या नकाशात नानांची द्राक्षबाग पडीक जमीन म्हणून रंगली होती. चित्र एप्रिलअखेरचं होतं. नाना म्हणाले, "अगं, खरड छाटणी झालेली तेव्हा. वेलीवर पानच नाही, तर हिरवं दिसणार कुठनं?" तेव्हापासून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-कवठेमहांकाळकडची जमीन १९९० पासून आजवर कशी बदलली हे बघायचं असलं की मी आधी पिकांचं वेळापत्रक कागदावर मांडते आणि मगच संगणकाकडे वळते.

जानेवारीत शाळू (रब्बी ज्वारी), ऊस, द्राक्ष सगळंच हिरवं असतं. एप्रिलअखेर शाळू निघून गेलेला, बागा छाटलेल्या, ऊस तेवढा उभा. मेअखेर वेली पुन्हा पालवतात, शाळूचं रान मात्र उघडंच राहतं. म्हणून वर्षाची तीन चित्रं घ्या, एकावर भागू नका. माळरान या तिन्ही वेळी वाळलेलंच दिसतं. आटपाडीकडे डाळिंबाचं वेगळं आहे: मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा) धरणारे उन्हाळ्यात पाणी तोडून बाग ताणावर सोडतात, पानं गळतात, आणि ती बागही पडीक भासते.

चित्रं गुगल अर्थ इंजिन या संकेतस्थळावर मिळतात, बिगरव्यापारी वापराला फुकट. जुन्या काळासाठी लँडसॅट ५ हा अमेरिकी उपग्रह, आताच्यासाठी लँडसॅट ८ आणि ९. लँडसॅटच्या चित्रातला एक चौकोन (पिक्सेल) जमिनीवर ३० मीटरचा, म्हणजे जवळपास ९ गुंठे. त्यात अर्धी बाग, अर्धा बांध आला की रंग मिसळतो. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचा चौकोन १० मीटरचा, म्हणजे साधारण गुंठाभर. त्यात छोटी बागही सुटी दिसते. पण १९९० शी तुलना करताना तोही ३० मीटरवर आणा, नाहीतर मोजण्याची रीत बदलली एवढ्यानेच बागा वाढल्यासारख्या दिसतील.

लँडसॅटच्या कलेक्शन २ या संचातले परावर्तनाचे आकडे आधी ०.००००२७५ ने गुणून त्यातून ०.२ वजा करा, मगच एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, काढा. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करून आलेला फरक भागिले दोहोंची बेरीज, म्हणजे एनडीव्हीआय. लँडसॅट ५ मध्ये हे पट्टे ३ आणि ४, तर ८-९ मध्ये ४ आणि ५. इथे गफलत सहज होते.

एकाच वर्षावर विसंबू नका. दुष्काळात विहिरी आटलेल्या असतात आणि मेअखेर वळवाचे ढग चित्र झाकतात. मी लागोपाठच्या ३ वर्षांच्या त्याच महिन्यातला मधला आकडा घेते.

मग संगणकाला शिकवायला ऊस, बाग, शाळू, माळ, वस्ती, पाणी यांचे प्रत्येकी निदान ५० ठिपके (तिथे काय आहे हे माहीत असलेल्या जागा) द्या आणि तपासणीसाठी वेगळे राखून ठेवा. आताचे ठिपके बांधावर जाऊन घेतले. १९९० चे मात्र नानांसोबत बसून: "हितं कुसळं होती, तिथं आमचा शाळू, ओढ्याकडंला ऊस." त्यांनी सांगितलेली जागा जानेवारीच्या जुन्या चित्रातही हिरवी दिसली, तरच तो शाळूचा ठिपका मी धरला.